अजून गडगडलं पण नाही, एवढ्यात नेट का काढता?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो. आभाळ आलं की मी नेटच्या बॉक्सच्या सगळ्या वायरी सोडवून ठेवतो आणि खालचे भाडेकरू, बायको, समोरचे काका, सगळ्यांचं एकच, अहो अजून गडगडलं पण नाही! मॅच चालू असली तर मग बघायलाच नको.

मी काय भित्रा नाही. (बायको हसेल, हसू दे.)

चार वर्षांपूर्वीचा मे. भावाचं घर रस्त्याच्या पलीकडं, दोन-दोन बिलं कशाला म्हणून मीच लॅनची वायर (राउटरचं नेट पुढं नेणारी, आत तांब्याच्या तारा) आणून आमच्या माळवदावरून, मधल्या लिंबाला एक आळा देऊन त्यांच्या पत्र्यावर नेली होती. चांगली ४० मीटर. येईल त्याला कौतुकानं दाखवायचो. त्या संध्याकाळी वळवाचं आभाळ भरलं, वारा सुटला, मी बसूनच, कडाडायला लागल्यावर उठलो आणि राउटरचा प्लग ओढला. आता कळतं की जवळ कडाडत असताना प्लगला, वायरीला हातच लावायचा नसतो, काढायचं तर आधीच. पण तेव्हा काय, झालं आपलं काम म्हणून खुर्चीत बसलो. तेवढ्यात पांढरंफटक, उजेड आणि आवाज एकदमच, आणि कोपऱ्यात टिकली फुटल्यासारखं टचकन झालं. जळका वास. प्लग खाली लोंबतोय आणि राउटर मेलेला! लॅनचं भोक काळं पडलेलं. वीज पडली होती शाळेमागच्या बाभळीवर, आमच्या वायरीवर नाहीच. पण एवढी लांब तांब्याची तार ताणून ठेवली की जवळपास पडलेल्या विजेनं सुद्धा तिच्यात दाब, म्हणजे व्होल्टेज, तयार होतो. लॅनच्या पोर्टातलं बारकं ट्रान्सफॉर्मर १५०० व्होल्टपर्यंत सोसणारं, ते बिचारं काय करणार.

लोकांना मी इथवरच सांगतो. पण वायरीचं दुसरं टोक पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये होतं. वहिनीनं ओट्यावरच्या कुरडया आत घ्यायला हाक मारली म्हणून पोरगं दोन मिनिटांपूर्वी उठलं होतं. लॅपटॉप गेला. हात त्याच्यावर असते तर... जाऊ द्या. भाऊ काहीच बोलला नाही. वहिनी एवढंच म्हणाली, "भाऊजी, वायर तुम्हीच आणली होती ना?" मी म्हणलं नेटवाल्यानं सांगायला पाहिजे होतं. त्यानं काय सांगायचं, त्याला विचारलं कुणी होतं?

स्पाइक गार्ड लावा म्हणता, लावलाय की. पण तो जादा दाब सोडणार अर्थिंगमध्ये, आणि आपली काळी माती एप्रिल-मेत बूट जाईल एवढी भेगाळलेली, कोरडीठाक, तिच्यात करंट नीट उतरत नाही, आणि विजा नेमक्या तेव्हाच. अर्थिंगच्या कोळसा-मीठ घातलेल्या खड्ड्यात मी आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. गावात प्यायला टँकर आणि हा खड्ड्याला पाणी पाजतोय असं लोक म्हणतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं.

आता रस्त्यावरून फायबर (काचेची वायर) नेलीय, दोन्हीकडं ती लॅनला जोडणारे कन्व्हर्टर बसवलेत, काचेतून करंट जात नाही. नेटवाल्याच्या वायरीत काचेसोबत पोलादी तार असते ती भिंतीबाहेरच तोडायला लावली. मग तरी का काढता? बरोबर आहे प्रश्न. लाईटची लाइन राहतेच ना, डीपीवरून उघडी येते ती. मोबाइलवर पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप पण आहे, २० किलोमीटरच्या आत वीज दाखवली की काढायचं असं ठरवलं होतं, पण मला तेवढा धीर निघत नाही, मी आभाळ बघूनच काढतो.

परवा पण काढलं. आभाळ नुसतं फिरून तुळजापूरकडं निघून गेलं, इकडं थेंब नाही. खालच्या भाडेकऱ्याच्या पोरीच्या फॉर्मची शेवटची तारीख होती, मला माहीत नव्हतं, रात्री नऊला तिचा बाप तिला गाडीवर घेऊन औशाच्या नेट कॅफेत गेला. फॉर्म भरला म्हणे. पोरगी माझ्याशी बोलत नाही अजून.