पदर उजव्या खांद्यावर

गणपती बसले की आमच्या गल्लीचे दोन देश व्हायचे आणि मधे सीमा म्हणून एक पांढरा पडदा लोंबायचा. गल्ली कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतली, अरुंद. समोरासमोरच्या दोन माड्यांच्या कठड्यांना दोर बांधून पडदा ताणला की रस्ता बंद. सायकलसुद्धा जायची नाही. सिनेमाचं मशीन तालमीच्या बाजूला टेबलावर चढायचं, म्हणून तिकडची माणसं सुलटी. आमचं घर रंकाळा तळ्याच्या अंगाला, म्हणून आम्ही उलटे.

उलटे म्हणजे खरोखरच उलटे. कापडाच्या पाठीमागून चित्र दिसायचं तेवढंच स्वच्छ, पण आरशातल्यासारखं. पाट्या उलट्या, भिंतीवरची घड्याळं उलटी फिरणारी, आणि एकजात सगळे नायक डावखुरे. ऐतिहासिक सिनेमात मावळ्यांच्या तलवारी उजव्या कमरेला लटकायच्या आणि डाव्या हातानं उपसल्या जायच्या. श्रेयनामावली सुरू झाली की आम्हा पोरांची शर्यत लागायची, उलटी अक्षरं कोण आधी वाचतो याची. चौथीत असताना मी ती इतक्या सरावानं वाचायचो की शाळेतल्या बाईंनी एकदा माझी वही आरशासमोर धरून बघितली होती.

पलीकडे जाऊन बसायला कुणी अडवलं नव्हतं. आमच्यातली काही पोरं जायचीसुद्धा. पण आजीला ते साफ नामंजूर. "सोताचं दार सोडून मी दुसऱ्याच्या पायरीवर कशाला बसू? मी हितनंच बघतो." (आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना असंच बोलतात, 'मी आलो', 'मी बघतो'. पुण्याची पाहुणी मंडळी दचकायची.) आजी दारात पाट टाकून बसली की तिच्याभोवती आख्खी उलटी बाजू गोळा व्हायची.

आजीचं निरीक्षण बारीक. नायिका पडद्यावर आली की पहिलं वाक्य ठरलेलं: "ह्या बाईचा पदर उजव्या खांद्यावर कसा? कुठल्या गावची म्हणायची ही?" आई सांगायची की आपण मागून बघतोय म्हणून तसं दिसतं. आजी मान डोलवायची, आणि पुढच्या नायिकेला पुन्हा तेच. शेवटी तिनं ठरवून टाकलं की सिनेमातल्या बायकांची रीतच तशी असते.

हे साधारण १९७५ ते १९८३ या वर्षांतलं. सोळा मिलिमीटरची फिल्म असायची. मोठं रीळ सोळाशे फुटांचं, पाऊण तासाच्या आतबाहेर चालायचं, म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला चार रिळं. मशीन एकच. त्यामुळं दर रीळ संपलं की चर्रर्र आवाज करत शेपूट फिरायचं, माडीवरचा बल्ब लागायचा आणि मशीनवाला नवं रीळ चढवेपर्यंत पाच-दहा मिनिटं गल्ली बोलायला मोकळी. थेटरात एकच मध्यंतर, आमच्या गल्लीत तीन. माझ्या मते खरा कार्यक्रम तो होता. त्या तीन मध्यंतरांत जेवढी समीक्षा मी ऐकली तेवढी पुढं वर्तमानपत्रांत वाचली नाही.

त्यातून कोल्हापूर. इथं सिनेमा बघणाऱ्यांपेक्षा सिनेमात काम केलेले जास्त, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' इथं काढला तो १९२० साली. 'प्रभात' फिल्म कंपनी सुरू झाली तीही इथंच, १९२९ मध्ये. चार वर्षांत ती पुण्याला गेली, आणि आमच्या गल्लीतले एक आबा ते दुःख पन्नास वर्षांनंतरसुद्धा कालच झाल्यासारखं सांगायचे. पुण्याचं नाव निघालं की, "आमची कंपनी नेली त्यांनी." मग भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ. सेटवर सुतारकाम करणारे, रंग मारणारे, दाढ्यामिशा चिकटवणारे, घोडे पुरवणारे अशी माणसं पेठापेठांत राहायची. आमच्या गल्लीत त्यातले दोघे होते आणि दोघांनीही आमच्या सिनेमांची वाट लावली.

एक रंगारी मामा. दरबार भरलेला, महाराज गंभीर चेहऱ्यानं काही बोलणार, आणि मामांचा आवाज: "तो डावीकडचा खांब बघा. संगमरवरी वाटतोय न्हवं? फळ्या हायत. दोन रात्री जागून मी रंगवलाय." सुलट्या बाजूनं बघणाऱ्या मामांचा डावीकडचा खांब आमच्या बाजूला उजवीकडे. त्यामुळं आम्ही भलताच खांब बघून वाहवा करायचो.

दुसरी एक आक्का. तिला एकदा गाडीत घालून पन्हाळ्याला नेलं होतं, जत्रेच्या गर्दीत उभं राहायला. सकाळी सातला गेली ती दिवे लागल्यावर आली. तो सिनेमा गणपतीत आणायचाच म्हणून तिनं वर्गणी दुप्पट दिली. पेटी आली, खेळ सुरू झाला, जत्रेचा प्रसंग आला आणि "दिसली, दिसली!" म्हणेपर्यंत गेलासुद्धा. आक्काला स्वतःला काही दिसली नाही, ती नेमकी पोराला ओरडायला वळली होती. मग गल्लीनं मशीनवाल्याला घेरलं. तो म्हणाला, फिल्म मागं फिरवली तर तुटेल. कुणी चहा दिला, कुणी पान दिलं, तालमीतले दोन पैलवान नुसते त्याच्या शेजारी जाऊन उभे राहिले. त्यानं फिल्म मागं फिरवली. ती तुटली नाही. आक्का तीन सेकंद दिसली, हिरव्या लुगड्यात, डोक्यावर पाटी घेऊन. सिनेमा काळा-पांढरा होता, पण लुगडं हिरवं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सिनेमा ठरायचा नागपंचमीनंतरच्या बैठकीत, आणि ती बैठक कधीही एका रात्रीत आटोपली नाही. तट ठरलेले. भालजीवाले म्हातारे आणि दादा कोंडकेवाले तरुण. म्हाताऱ्यांना 'सोंगाड्या'चं नाव काढलं तरी ठसका लागायचा. मग एकदा कुणीतरी शांतपणे विचारलं की दादांना सिनेमात पहिल्यांदा आणलं कुणी? 'तांबडी माती', १९६९, दिग्दर्शक भालजी पेंढारकर. बैठकीत पाच मिनिटं सन्नाटा. त्या वर्षी दोन्ही सिनेमे आले. तिसरा हिंदीवाल्यांचा गट होता, तो दरवर्षी हरायचा आणि मग उमा टॉकीजला जाऊन आपला राग काढायचा.

'पिंजरा' आला त्या वर्षीची गोष्ट सांगायलाच हवी. तमाशाच्या नादी लागून नाव-गाव सोडलेल्या मास्तरवर शेवटी त्या मास्तरच्याच खुनाचा आरोप शाबीत होतो, हे बघून आमच्या गल्लीतले कोर्टात कारकून असलेले एक काका खवळले. मध्यंतर नव्हतं, सिनेमा संपला होता, लोक पाट-पोती उचलत होते. काका मधेच उभे राहून म्हणाले, ओळख पटवल्याशिवाय कुठलं कोर्ट असा निकाल देतं ते दाखवा. दुसऱ्या दिवशी ते दुधाच्या रांगेत तेच बोलत होते. विसर्जनापर्यंत बोलत होते. त्यांना हरवलं ते शाळेतल्या एका निवृत्त गुरुजींनी. ते म्हणाले, "मास्तर खरोखरच मेलेला असतो हो. तेवढं एक कोर्टाला बरोबर कळलं." मला हे वाक्य तेव्हा अजिबात कळलं नव्हतं. काकांनाही कळलं नसावं, पण ते गप्प बसले.

बघण्याच्या तऱ्हा म्हणाल तर प्रत्येकाची वेगळी. तात्या फक्त मारामारीला आत यायचे. गाणं लागलं की तंबाखू मळत कोपऱ्यावर. शिंपीकाम करणारे एकजण कथा सोडून कॉलर आणि बाह्या बघायचे. पैलवानांना कुस्तीचा प्रसंग आला की हसू आवरायचं नाही. खासबागच्या मैदानात खऱ्या कुस्त्या बघितलेली माणसं ती, त्यांना पडद्यावरची धोबीपछाड काय पटणार! "त्याचा पाय बघा, आधीच उचललाय," असं म्हणत ते नायकाला चीत व्हायला लावायचे. आणि पुढची गोष्ट आधी सांगणारा एक इसम प्रत्येक गल्लीत असतो, तसा आमच्याकडेही होता. त्याला लोक भडंगाची पुडी द्यायचे. तोंड भरलेलं असेपर्यंत शांतता.

वारा सुटला की पडदा फुगायचा आणि खलनायकाचं पोट वाढायचं. एकदा रिळांची अदलाबदल झाली. दुसऱ्याऐवजी तिसरं लागलं. मेलेला माणूस पुढच्या रिळात पान खाताना दिसला, तेव्हा निम्मी गल्ली म्हणाली हा जुळा भाऊ आणि निम्मी म्हणाली ही आठवण. चूक मशीनवाल्याच्या लक्षात आली, पण त्यानं तोंड उघडलं नाही. ते त्यानं आम्हाला पुढच्या वर्षी सांगितलं.

आता एक कबुली. कोरड्या कापडातून मागं येणारं चित्र जरा मळकट दिसतं. कापड भिजलं की उजेड आरपार जातो, मागची बाजू उजळते आणि पुढची मंदावते. हे आम्हाला एका भाद्रपदातल्या भुरभुर पावसानं शिकवलं. त्या रात्री उलट्या बाजूला असा झक्क सिनेमा दिसला की आजीसुद्धा म्हणाली, "आज बाईचं नाक दिसलं बगा." पुढच्या वर्षी पाऊस नव्हता. मग माडीवरून आम्ही तिघांनी खेळाआधी तांब्या-तांब्यानं पाणी सोडलं, वरून खाली, हळूहळू. पलीकडे ओरड सुरू झाली, मशीनचा बल्ब गेला, बल्ब बदला. मशीनवाला काचा पुसून दमला. असं आम्ही दोन वर्षं केलं. तिसऱ्या वर्षी पलीकडच्यांनी पडद्याखाली ओल बघितली आणि गल्लीत खरोखरची मारामारी होता होता राहिली. गुरुजींनी तोडगा काढला: एक सिनेमा कोरड्या पडद्यावर, एक भिजवलेल्या. मंडळाच्या वहीत तसा ठराव लिहिलेला आहे, मी तो नंतर वाचला. 'पडदा भिजवण्याबाबत' असं त्याचं शीर्षक.

नंतर व्हिडिओ आला. टेबलावर टीव्ही ठेवून एका रात्रीत तीन-तीन सिनेमे लागायला लागले. टीव्हीला मागची बाजू असते, पण तिथं वायरींशिवाय काही दिसत नाही. सगळी गल्ली एका बाजूला आली, पुढं बसायला चेंगराचेंगरी, आणि रीळ बदलायचं नसल्यामुळं बोलायला कुणाला फुरसत नाही. दोन-तीन वर्षांत लोक घरीच बघायला लागले. दहानंतर भोंगा बंदचा नियम आला तोपर्यंत आमच्याकडे बंद करण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं.

आमच्या घरी टीव्ही आल्यावर एकदा 'साधी माणसं' लागला. भालजींचा, १९६५ चा. लोहाराचं जोडपं, सूर्यकांत आणि जयश्री गडकर. आजीचा हा सगळ्यात आवडता. गल्लीत तो दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा तिनं दारातून बघितला होता. 'ऐरणीच्या देवा' लागलं की ती गुणगुणायची. जगदीश खेबुडकर आपल्या कोल्हापूरचे, हे ती आल्यागेल्याला सांगायची.

आम्ही तिला अगदी पुढं बसवलं. सिनेमा सुरू झाला. आजी गप्प. भाता हलला, ठिणग्या उडाल्या, गाणंही आलं. आजी गुणगुणली नाही. ती पुढं वाकून पडद्याकडे बघत राहिली.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"तो न्हवं हा. आपल्या दारातला येगळा हुता."

"अहो तोच आहे. तीच जयश्रीबाई."

आजीनं पुन्हा निरखून बघितलं.

"मग ह्यांनी उलटा लावलाय," ती म्हणाली. "पदर बघ की तिचा."