गिल्बोआचा जुना नकाशा

मी सर्व्हेयर आहे, न्यूयॉर्क राज्यात काम करतो. मागच्या ऑक्टोबरात गिल्बोआला हद्दीचं काम होतं. कॅट्सकिल डोंगरांच्या उत्तरेला स्कोहॅरी काउंटीतली ही एवढीशी वस्ती. इकडे हॅम्लेट म्हणतात, म्हणजे आपली वाडीच समजा, स्वतःचा वेगळा कारभार नाही, सगळं टाउनकडून, म्हणजे अशा वाड्यांच्या वरच्या स्थानिक संस्थेकडून चालतं.

न्यूयॉर्क शहराने 100 वर्षांपूर्वी धरणासाठी जी जमीन घेतली तिची हद्द जुन्या नकाशावरून आजच्या जीपीएसवर बसवायची होती. स्कोहॅरी क्रीक ही छोटी नदी खरं तर उत्तरेला मोहॉक नदीकडे जाते, पण 1920 च्या दशकात गिल्बोआला धरण बांधून तिचं पाणी 18 मैलांच्या शांडाकन बोगद्यातून दक्षिणेला वळवलं, तिथून इसोपस क्रीक, मग अशोकन जलाशय आणि शेवटी शंभरेक मैलांवरच्या न्यूयॉर्क शहरातले नळ. आणि ज्या खोऱ्यात पाणी अडवलं तिथेच मूळ गिल्बोआ गाव होतं. दुकानं, घरं सगळं गेलं, स्मशानातली प्रेतंसुद्धा उकरून दुसरीकडे नेली. आपल्याकडे धरणग्रस्त म्हणतात ना, अगदी तेच.

दुपारी डबा खायला रस्त्याकडेच्या दगडी बुंध्यांपाशी थांबलो. हे बुंधे म्हणजे सुमारे 38.5 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे जीवाश्म. पहिले 1869 च्या पुरात उघडे पडले, मग धरणासाठी दगड काढताना खाणीत आणखी बरेच सापडले, आणि विनिफ्रेड गोल्डरिंग या जीवाश्मतज्ज्ञ बाईंनी त्यांचा मन लावून अभ्यास केला. वरचा शेंडा कसा होता ते मात्र 2004-05 मध्ये जवळच्याच डोंगरात अख्खं झाड मिळालं तेव्हा कळलं. पुढे 2010 मध्ये त्याच खाणीची जमीन पुन्हा उघडली तर जंगलाचा तळच दिसला, कुठलं झाड कुठे उभं होतं ते मोजता आलं! मोजणीवाला म्हणून मला याचं फार कौतुक वाटतं.

तर तिथे एक आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या. बॉनेटवर पसरलेला नकाशा बघितला आणि विचारलं, हे जुन्या गावाचं आहे का? मी हो म्हटलं. त्यांनी चष्मा लावला, रस्त्याच्या रेषेवरून बोट फिरवत फिरवत एका प्लॉटवर थांबल्या, तिथे आकड्याखाली मालकाचं नाव होतं, म्हणाल्या, माझे आजोबा.

मी तीन दिवस त्या प्लॉटला नुसता नंबरच समजत होतो. खरंच सांगतो, घास खाली जाईना.

त्यांनी विचारलं, आता किती पाणी आहे रे त्याच्यावर? सांडव्याची पातळी 1130 फूट, नकाशावर कंटूर, म्हणजे जमिनीची उंची दाखवणाऱ्या रेषा होत्याच, वजाबाकी केली आणि जलाशय भरला की सत्तरेक फूट असं सांगितलं. मग त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, म्हणजे घर सगळंच्या सगळं खाली असेल.

"नाही रे," त्या म्हणाल्या, "घर पाणी यायच्या आधीच जाळलं त्यांनी. खाली आहे ती नुसती जागा."

त्यांना त्या प्लॉटचा फोटो हवा होता. त्यांच्या फोनवर नीट येईना, म्हणून मी काढून पाठवला, नाव दिसेल असा झूम करून.