उताराचा तालुका

अकोले आणि अकोला ही दोन गावे नावाने वेगळी असली, तरी विभक्तीचा प्रत्यय लागला की दोघांचेही 'अकोल्यात' होते, आणि त्यामुळे माझ्या आजोळच्या माणसांना जन्मभर 'म्हणजे विदर्भात का?' या प्रश्नाला उत्तर देत बसावे लागते. विदर्भात नव्हे. हे अकोले अहिल्यानगर जिल्ह्यातले, चौदा तालुक्यांपैकी अगदी पश्चिमेच्या तालुक्याचे ठिकाण, प्रवरेच्या काठावरचे. तिथून तालुका पश्चिमेला चढत चढत सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जातो आणि एकदम संपतो, कड्याखाली कोकण. या मार्चमध्ये मामांच्या जमिनीचा सातबारा उतारा काढून आणण्याचे काम माझ्याकडे आले. उतारा आता मोबाइलवरही निघतो, हे मला ठाऊक होते. पण सही आणि शिक्का दिसल्याशिवाय मामांना तो उतारा वाटत नाही, आणि मलाही आजोळी जायला निमित्त हवेच होते.

कागद मिळायला दुपार झाली. राजूरकडची एस. टी. यायला अवकाश होता, म्हणून नदीकाठी गेलो, तर प्रवरा भर उन्हाळ्याच्या तोंडाशी दोन्ही थड्या भरून वाहत होती. नवख्या माणसाला वाटावे, काय पाण्याचे भाग्य आहे या गावाचे! परंतु वरच्या धरणातून खालच्या शेतीसाठी आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलेले होते. पाणी आपले नव्हे, ते वाटसरू होते.

या तालुक्याचे सारे गणित एका उतारावर मांडलेले आहे. पश्चिमेच्या टोकाला कळसूबाई आहे, 1646 मीटर उंचीची, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. तिच्या दक्षिणेला रतनगड, त्याच्याही पुढे हरिश्चंद्रगड. ढग कोकणातून वर चढतात आणि या भिंतीला टेकताच मोकळे होतात. घाटघर, रतनवाडी या गावांत वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्याच तालुक्यात, त्याच तहसीलदारांच्या हद्दीत, अकोले गावाच्या आसपास तो साधारण पाचशेवर येतो. शाळेत आम्हांला पर्जन्यछायेचा प्रदेश नकाशावर रेघा मारून शिकवला होता. इथे ती रेघ एस. टी.च्या खिडकीतून दिसते. जुलैत राजूरला बसताना छत्री झटकावी लागते आणि अकोल्यात उतरेपर्यंत ती वाळलेली असते.

एवढे पाणी पडते, ते जाते कुठे? उताराने जाते. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि पूर्वेला संगमनेर, नेवासे करीत गोदावरीला मिळते. मुळा हरिश्चंद्रगडाच्या परिसरातून निघते, कोतूळवरून पुढे जाते आणि राहुरी तालुक्यात तिच्यावर 26 टीएमसीचे, म्हणजे 26 अब्ज घनफूट पाण्याचे, धरण उभे आहे. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण इंग्रजांनी बांधले, ते 1926 मध्ये पुरे झाले. त्याचे पाणी संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापर्यंत नदीतून जाते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांत पसरते. श्रीरामपूर, राहाता, राहुरी या पट्ट्यात ऊस उभा राहिला तो या पाण्यावर, आणि 1950 मध्ये लोणीला महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीचा आरंभ झाला तोही याच पाण्याच्या आधाराने. सहकाराच्या इतिहासात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावे आदराने घेतली जातात, आणि ती घ्यावीतच. पण त्या साखरेत घाटघरचा पाऊस विरघळलेला आहे, हे आमच्या मामींना जितके ठाऊक आहे तितके इतिहासकारांना आहे की नाही, याची मला शंका वाटते.

जुलै-ऑगस्टमध्ये जिल्ह्याची वर्तमानपत्रे रोज भंडारदऱ्याचा साठा छापतात. 11,039 दशलक्ष घनफूट हा त्याचा पूर्ण आकडा तिकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. धरण भरल्याची बातमी आली की शंभर किलोमीटरवरचा ऊसवाला समाधानाने कूस बदलतो. ज्यांच्या डोक्यावर तो पाऊस पडला, ते मात्र त्या वेळी गुडघाभर चिखलात भाताची आवणे लावीत असतात आणि उन्हाळ्यात त्यांच्यातल्याच काही वाड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी लांब चालावे लागते. पाणी दरीत आणि वाडी माथ्यावर. पाण्याला उताराने जाणे सोपे आणि माणसाला हंडा घेऊन चढणे अवघड, इतकी साधी ही अडचण आहे. भंडारदऱ्याखाली निळवंडे धरण झाले, त्याचीही कथा लांबलचक आहे. प्रकल्पाला 1970 मध्ये मंजुरी मिळाली आणि डाव्या कालव्यातून पाणी वाहिले ते 2023 मध्ये. या अवधीत एका माणसाची नोकरी लागून, निवृत्ती होऊन, निवृत्तिवेतनही बरेचसे खाऊन झाले असते.

एस. टी. मिळाली. अकोले सोडल्यावर काही वेळ दोन्ही बाजूंना ऊस, टोमॅटो आणि गोठ्यांतल्या संकरित गाई दिसत राहतात. हा तालुक्याचा पूर्वेचा, रोख पैशाचा भाग; इथे अगस्ती कारखाना आहे, दूध आहे आणि टोमॅटोच्या भावाने वर्षाआड हसणारे-रडणारे शेतकरी आहेत. मग रस्ता चढू लागतो, शेते लहान होत जातात, बांध उंच होतात आणि कापणी होऊन गेलेली भातखाचरे उताराला पायऱ्यांसारखी चिकटलेली दिसतात. राजूरला गाडी थांबली तेव्हा मी उतरून पेढे घेतले. राजूरचे पेढे न घेता मामांकडे गेले तर काय ऐकावे लागते, याचा अनुभव एकदा घेतला आहे आणि तो पुरेसा आहे. याच गावात हिवाळ्यात डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. डांगी बैल काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा असतो, त्याचे खूर काळे आणि टणक असतात आणि कातडीला एक प्रकारचे तेल सुटते, त्यामुळे धो धो पावसात दिवसभर चिखलणी करूनही तो आजारी पडत नाही. उतारावर निथळत राहायचे आणि टिकायचे, हे या बैलाला जसे जमले आहे तसे आम्हां शहरात गेलेल्या भाच्यांना जमलेले नाही.

तालुक्यातली जवळपास निम्मी लोकसंख्या आदिवासी आहे. महादेव कोळी आणि ठाकर हे त्यांतले मोठे समाज. भात, नागली, वरई आणि खुरासणी ही त्यांची पिके. भात झोडून कणगीत गेला की पश्चिमेच्या वाड्या हलक्या होऊ लागतात. माणसे कोतूळवरून घाट ओलांडून नारायणगाव, ओतूर, आळेफाट्याकडे भाजीपाल्याच्या कामाला जातात. नारायणगावला पहाटे मजुरांचा बाजार भरतो; बायका-पुरुष डबे घेऊन उभे असतात, बागायतदार येतात, रोज ठरतो आणि गाड्या भरून निघतात. मी हे दृश्य पूर्वी एकदा पाहिले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो आवर्तनाचा. धरणाचे दार उघडावे तशी दिवाळीनंतर ही माणसे सुटतात, खालची शेते भिजवतात आणि मृगाच्या आधी राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठीची जमीन, भाजायला परत वर येतात.

जमीनही एके काळी अशीच उताराला लागली होती. कर्जाच्या कागदावर अंगठा उठायचा आणि शेत सावकाराच्या घरात जायचे. देवगावचे राघोजी भांगरे यांनी सावकारांविरुद्ध आणि इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले ते याच डोंगरात, आणि 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. आज आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे परवानगीशिवाय जाऊ नये असा कायदा आहे. बियाण्याची गोष्टही जमिनीसारखीच. दुकानातली पुडी वर चढली तसे घरचे वाण वाड्यांतून नाहीसे होऊ लागले. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी ते गाडग्यामडक्यांत, राखेत घालून सांभाळले. 2020 च्या पद्मश्रींच्या यादीत त्यांचे नाव आले, तेव्हा तालुक्यात पुष्कळांनी आपल्या आज्यांची मडकी पुन्हा आठवून पाहिली.

मामांच्या वाडीत पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. अंगणात, ओट्यावर, इतकेच काय पण पडवीच्या पत्र्यावरही बाळहिरडा वाळत घातला होता. हिरड्याचे कोवळे फळ वाळवले की ते काळे, सुरकुतलेले आणि दिसायला अगदी क्षुल्लक होते. पण औषधवाल्यांना तेच हवे असते आणि या दिवसांत वाड्यांमध्ये जो काही रोख पैसा खेळतो तो बराचसा त्याचाच. मी उतारा काढून मामांच्या हाती दिला. त्यांनी तो चष्मा कपाळावर सारून, डोळ्यांपासून दूर धरून वाचला. नमुना सातमध्ये नावे, वडिलोपार्जित आणि एकमेकांत गुंतलेली. नमुना बारामध्ये पीक, भात. आणि एका रकान्यात पोटखराबा.

पोटखराबा म्हणजे लागवडीस अयोग्य क्षेत्र. मामांच्या एकूण जमिनीत लागवडीच्या क्षेत्रापेक्षा तेच जास्त भरते, कारण उरलेला सारा डोंगरउतार आहे. पण ओट्यावर वाळणारा तो सगळा हिरडा त्या पोटखराब्यातल्या झाडांचा होता. जनावरांचे गवत तिथले, चुलीचे सरपण तिथले. मेच्या अखेरीस, पहिल्या वळवानंतर, त्याच उतारावरच्या हिरडा, सादडा, बेहडा, जांभूळ या झाडांवर काजवे उतरतात आणि पुण्या-मुंबईची माणसे गाड्या भरभरून ते पाहायला येतात. मामांचा धाकटा त्या दिवसांत पाहुण्यांना चुलीवरचे जेवण देतो. गाड्यांच्या दिव्यांनी काजवे बिचकतात, अशी त्याचीच तक्रार असते, आणि गाड्या यायला हव्यात, अशीही त्याचीच इच्छा असते.

"भाचेबुवा, हे खराब म्हणून कोणी लिहिलं?" मामांनी विचारले.

मी म्हटले, सरकारी शब्द आहे, त्यात नांगर चालत नाही एवढाच त्याचा अर्थ. त्यांनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही.

रात्री जेवताना विषय घाटघरच्या वीज प्रकल्पाचा निघाला, कारण मामांचा एक मित्र त्याच्या बांधकामावर कामाला होता. तिथे वरच्या जलाशयातले पाणी, विजेची मागणी वाढली की, कड्यातल्या बोगद्यातून खाली कोकणच्या बाजूला सोडतात, त्यावर 250 मेगावॅट वीज होते, आणि मागणी ओसरली की तेच पाणी पंपाने पुन्हा कड्यावर चढवतात. चढवायला लागणारी वीज ही मिळणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते, तरीही हा व्यवहार परवडतो, कारण ती स्वस्ताईच्या वेळची असते. मी हे जमेल तितके समजावून सांगितले. मामींना खर्चाच्या हिशेबात रस नव्हता. तालुक्यातले निदान एवढे तरी पाणी खाली जाऊन घरी परत येते, हे त्यांना पुन्हा एकदा ऐकायचे होते.

सकाळी मामांनी उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोचला, पावसाळ्याच्या हिशेबाने. मग शिडी लावून ते पत्र्यावर चढले आणि रात्रीच्या दवाने ओलावलेला हिरडा पालथा करू लागले. पत्र्याला उतार असल्याने थोडी फळे घरंगळून खाली येत होती. मामी ओच्यात गोळा करून ती वर देत होत्या.