मासा नंतर, आधी भात

शनिवार, रात्री उशिरा

मावशीला सुशी, म्हणजे आंबटसर भातावर मासा वगैरे ठेवलेला जपानी पदार्थ, खाऊ घालायची हे कधीपासून मनात होतं. आज दोघींना सवड मिळाली आणि जाऊन आलो. ठिकाण मुद्दाम साधं निवडलं. मधे स्वयंपाकाची जागा, तिच्याभोवती फिरणारा पट्टा, पट्ट्यावर रंगीत बशा आणि प्रत्येक टेबलाशी चहासाठी गरम पाण्याचा नळ. हवी ती बशी उचलायची, खायचं आणि रिकामी बशी बाजूला रचायची. शेवटी बशांच्या रंगांवरून हिशोब होतो. मावशीला हा कारभार फारच पटला. "कुणाला हाका मारायला नकोत आणि वाटही बघायला नको," म्हणाली.

बसल्याबसल्या तिने विचारलं, "सगळं कच्चंच असतं का गं?" तसं मुळीच नसतं. उकडलेली कोळंबी असते, भाजलेला ईल मासा असतो, गोडसर अंडं असतं, नुसत्या काकडीचा रोल असतो. कच्चा खायचा मासासुद्धा बऱ्याचदा आधी उणे 20 अंश सेल्सियसला किमान सात दिवस गोठवून ठेवतात, म्हणजे त्यातले परजीवी मरतात. हे ऐकून ती निर्धास्त झाली आणि काकडीच्या रोलनंतर थेट सॅमन माशावरच आली. गंमत म्हणजे हा कच्चा सॅमन जपानी सुशीत अगदी अलीकडचा. तिकडच्या समुद्रातल्या सॅमनमध्ये परजीवींची भीती, म्हणून तो कच्चा खात नसत. 1980 च्या दशकात नॉर्वेने आपला पाळीव सॅमन जपानमध्ये नेटाने खपवायला घेतला, तेव्हा कुठे तो भातावर चढला.

पण मला तिला दाखवायचा होता तो भात. सुशी म्हटली की सगळ्यांचं लक्ष माशाकडे जातं. माझ्या मते दुकान चांगलं की नाही हे भात ठरवतो. आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ शिजवायचा, गरम असतानाच पसरट लाकडी भांड्यात काढायचा, त्यात व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून उलथन्याने कापल्यासारखा हलवायचा. घोटायचा नाही, दाणा मोडता कामा नये. वारा घालून तो अंगाइतका कोमट झाला की वापरायचा. फ्रिजमध्ये ठेवला की त्यातला स्टार्च घट्ट होतो आणि दाणा कडक लागतो. डब्यातली गारढोण सुशी खाऊन "मला नाही आवडली" म्हणणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यांनी सुशीतली मुख्य गोष्ट चाखलेलीच नसते.

आजचा भात उत्तम होता. आमच्या समोरच एक बाई सुशी बनवत होत्या. बोटं व्हिनेगरच्या पाण्यात बुडवायच्या, एक टाळी वाजवून जास्तीचं पाणी झटकायच्या आणि उजव्या हाताने भाताची चिमटी उचलायच्या. डाव्या तळव्यावर माशाचा काप, त्याला वसाबीचं, म्हणजे हिरव्या झणझणीत चटणीचं बोट, वर भात. दोन-तीनदा दाबायचं, उलटायचं, पुन्हा हलकंसं दाबायचं की झालं. मावशी खाणं सोडून त्यांच्या हातांकडेच बघत राहिली. तो गोळा उचलताना सुटत नाही आणि तोंडात गेल्यावर मात्र लगेच मोकळा होतो. दाण्यांमधे हवा राहील इतपतच दाब द्यायचा, हे हाताला कळायला वर्षं जातात. बऱ्याच दुकानांत हे गोळे यंत्र पाडतं. तेही वाईट नसतात, पण आज फरक जिभेला स्वच्छ कळला.

मावशी काट्याने भात सोया सॉसमध्ये बुडवायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. भात सॉस पितो, विस्कटतो आणि नुसता खारट होतो. सुशी आडवी करून माशाची कड टेकवायची. आणि सरळ हाताने खायची, त्यात काही गैर नाही. "मग आधी सांगायचंस ना!" म्हणत तिने काटा बाजूला ठेवला.

हाताने खाणं तर या पदार्थाच्या जन्मापासून आलंय. फार पूर्वी मासा टिकवायला मीठ लावून भातात महिनोन्‌महिने दाबून ठेवत. भात आंबायचा आणि त्या आंबटपणाने मासा टिकायचा. मग मासा खायचा आणि भात टाकून द्यायचा! जपानमधल्या बिवा तलावाकाठची फुनाझुशी आजही जवळपास तशीच करतात. पुढे लोक तो भातही खाऊ लागले, नंतर आंबवण्याऐवजी व्हिनेगर आलं आणि 1820 च्या दशकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, हाताने दाबलेली सुशी गाड्यांवर विकली जाऊ लागली. हानाया योहेई या विक्रेत्याला तिचं श्रेय देतात. उभ्या उभ्या खाऊन कामाला लागायचं, असं ते खाणं होतं. जो भात फेकून देत होते, त्याच्यावरच आज सगळी कारागिरी चालते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

म्हणूनच मला ही पट्ट्याची दुकानं सुशीच्या मूळ स्वभावाच्या जवळची वाटतात. ओसाकाजवळ असं पहिलं दुकान योशिआकी शिराइशी यांनी 1958 मध्ये काढलं. हाताखाली माणसं कमी होती, आणि बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या बघून त्यांना ही कल्पना सुचली. पट्ट्याचा वेग त्यांनी सेकंदाला सुमारे 8 सेंटीमीटर ठेवला. त्याहून जोरात फिरला तर सुशी वाळते, हळू फिरला तर माणूस कंटाळतो.

वसाबी बहुतेक साध्या दुकानांसारखी, म्हणजे हॉर्सरॅडिश नावाचं तिखट मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. खरं वसाबीचं मूळ महाग आणि किसल्यावर थोड्याच वेळात त्याचा झणका उतरतो, तेव्हा तक्रार नाही. व्हिनेगरमधलं आलं मावशीने सुशीवर ठेवून खाल्लं. ते दोन माशांच्या मधे तोंड स्वच्छ करायला असतं हे सांगितलं, पण तिला तसंच आवडलं, मग मीही गप्प बसले.

पट्ट्यावर बराच वेळ फिरलेल्या बशांकडे मात्र आम्ही नंतर बघितलंच नाही. कडा सुकलेला मासा लगेच ओळखू येतो. त्या बाईंनाच सांगून ताजं करून घेतलं. त्यांनी आनंदाने दिलं, वर मावशीला विचारलं, "वसाबी कमी करू का?" मावशी म्हणाली, "नको हो, आहे तशीच असू द्या." निघताना तिने त्यांना कुठल्या दिवशी गर्दी कमी असते तेही विचारून घेतलं. मंगळवारी दुपारी, म्हणाल्या. मंगळवारी मला अर्धी रजा टाकावी लागेल.