आज नको

मंगळवार, ९ डिसेंबर २०२५. सकाळ.

केअर होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, रात्रपाळी करून आत्ता खोलीवर आले. डोळे मिटतायत, तरी लिहायला बसले, कारण उशाशी फोन आहे आणि त्यातल्या एका मेसेजला उत्तर द्यायचंय. ते टाळतेय.

पहाटे १२ नंबरच्या आजींनी मला खोलीतून घालवून दिलं. (माणसाला खोलीच्या नंबराने ओळखायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगतात. पण वहीत नाव लिहिणं त्याहून वाईट.) वय ९१, विसराळूपणा वाढत चाललेला, जीभ मात्र धारदार. त्या पाचलाच जाग्या असतात. कोमट पाणी, टॉवेल घेऊन गेले, विचारलं, अंग पुसून देऊ का? "आज नको." बरं, निदान पॅड बदलू? "नको म्हटलं ना!" मी पाणी उचललं, दिवा मंद केला नि बाहेर आले. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, तेव्हा पॅड बदलू दिलं. अंग पुसणं नाही ते नाहीच. चार्टवर लिहिलं: कधी विचारलं, काय म्हणाल्या, पुन्हा कधी विचारलं.

जानेवारी २०२४ मध्ये इंग्लंडात आले तेव्हा असं काही झालं की मला रडू यायचं. मला वाटायचं, मी यांच्या भल्याचंच करतेय, मग नको कसं म्हणतात? एकदा गोड बोलत बोलत हात धुवायला घेतलेच, तर सीनियरने बाजूला नेऊन झापलं. मग तिने मेंटल कपॅसिटी ॲक्ट वाचायला दिला. २००५ चा कायदा आहे. माणसाला स्वतःचा निर्णय घेता येतो, असंच आधी धरून चालायचं. निर्णय शहाणपणाचा नाही, एवढ्यावरून त्याला कळतच नाही असं ठरवायचं नाही. आणि एखादी गोष्ट खरोखरच त्याच्या आकलनापलीकडे गेली असेल, तर त्याच्या हिताचं करायचं, पण त्याच्यावर कमीत कमी बंधन येईल अशा रीतीने. शहाणपणाचा नसलेला निर्णय घ्यायचा हक्क! असा हक्क कायद्याने मिळू शकतो, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

आता विचारणं अंगात मुरलंय. कूस बदलायची, विचार. होइस्टने, म्हणजे माणसाला उचलायच्या यंत्राने, उचलायचं, तर दोघी असतो. एक पट्टे लावते, दुसरी समोर उभी राहून काय चाललंय ते सांगते, तेही विचारून. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांच्या चहात पावडर घालून तो घट्ट करावा लागतो, किती घट्ट ते प्रत्येकाच्या केअर प्लॅनमध्ये लिहिलेलं असतं. तो चहा दिसायला भयंकर असतो. देऊ का, म्हणून विचारताना माझाच आवाज पडतो.

आणि आता तो मेसेज. "तुला आज रात्रीच्या शिफ्टला टाकलंय." सलग पाचवी रात्र. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नाही.

मॅनेजर वाईट बाई नाही. कोणीतरी आजारी पडलं असणार, रोट्यात, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, भोक पडलंय आणि ते बुजवायला स्पॉन्सरवाल्या मुलीच आधी आठवतात. आम्ही नाही म्हणत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तिने मला कधीच धमकी दिली नाही. तिला ती द्यावीच लागत नाही.

स्पॉन्सरशिप म्हणजे नक्की काय, ते निघताना कळलं नव्हतं. स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट म्हटलं की डोळ्यांसमोर शिक्का मारलेला कागद येतो. प्रत्यक्षात तो एक नंबर असतो आणि त्या नंबरामागे ज्यांनी तो दिला ते मालक. माझा व्हिसा त्यांच्याशी बांधलेला. नोकरी सुटली किंवा त्यांचं परदेशी माणसं ठेवायचं लायसन्स गेलं, तर होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, पत्र येतं आणि साधारण ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर निघायचं. माझ्याबरोबर रात्रपाळीला असणारी झिम्बाब्वेची मैत्रीण यातून गेलीय. तिच्या आधीच्या मालकांचं लायसन्स गेलं, तिची चूक काहीच नव्हती. ती आजही पोस्टाचं पाकीट दिसलं की आधी कुठून आलंय ते बघते. त्यात ११ मार्च २०२४ पासून केअर वर्करला नवरा-मुलं आणायची बंदी झाली, ती त्यानंतर आलेली. मधल्या ब्रेकमध्ये मुलगा फोनवर तिला नवीन पडलेला दात दाखवतो.

मामेभाऊ परवा म्हणत होता, ताई, माझंही बघ ना तिकडे. त्याला सांगितलं, २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवीन केअर वर्कर घेणं बंद झालंय. तर म्हणे, एजंट तर हो म्हणतोय. एजंट हो म्हणणारच रे बाबा. शिवाय सर्टिफिकेटचा खर्च मालकाने उमेदवाराकडून घ्यायचाच नसतो, मग हा पैसे कसले मागतोय? तो जरा गप्प झाला. पटलं की राग आला, कळलं नाही.

"दुसऱ्यांच्या आईबापांचं करतेस आणि आपले तिकडे," असं सगळेच ऐकवतात. मलाही येतं ते वाक्य. त्याचा आता कंटाळा आलाय. हे काम मला आवडतं, हे कोणाला सांगितलं तर पटत नाही, म्हणून सांगत नाही. पाठीवर जखम न होता एखादं माणूस महिनोन् महिने अंथरुणात राहिलं, त्यात माझ्या हातांचा वाटा असतो.

रुजू होताना कागदांचा गठ्ठा सहीला ठेवला होता. त्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा मला लागू नको, असंही एक पान होतं. मी सगळ्यांवर सह्या केल्या. ती सही लेखी कळवून मागे घेता येते, हे गेल्या महिन्यात कळलं. पत्र लिहून ठेवलंय. बॅगेत आहे. कायमचं राहायला मिळण्याची ५ वर्षांची मुदत वाढवून आमच्यासारख्यांना १५ करायचा सरकारचा प्रस्ताव आल्यापासून ते बॅगेतून बाहेर काढायचा धीर होत नाही.

साडेनऊ वाजले. मेसेजचं उत्तर तीनदा लिहिलं. पहिल्यात पाठ दुखतेय असं लिहिलं. दुसऱ्यात ताप आणला. तिसऱ्यात दोनदा सॉरी. मग आजी आठवल्या. त्यांनी कारण दिलं नव्हतं, मीही मागितलं नव्हतं. चार्टवरही कारणासाठी रकाना नाही.

सगळं खोडलं. लिहिलं, "आज रात्री मी येऊ शकणार नाही." पाठवला.

दोन टिक आल्यात, अजून निळ्या झाल्या नाहीत. पडदा ओढते आता.