एकटीने घेतलेला फ्लॅट, मागाहून आलेली फ्लॅटमेट

पुण्यात कर्वेनगरात टू बीएचके एकटीच्या नावावर भाड्याने घेतला. भाडं २४ हजार, डिपॉझिट ७५ हजार, वर ब्रोकरेज म्हणून एका महिन्याचं भाडं. दुसरी खोली दोन-तीन महिन्यांत भरायचीच, नाहीतर एका पगारात हे बसत नाही. म्हणून फ्लॅटमेटची तयारी ॲग्रीमेंटच्या मसुद्यापासूनच करावी लागते, ती मिळाल्यावर नाही.

महाराष्ट्रात भाड्याचं ॲग्रीमेंट म्हणजे बहुतेक वेळा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी. 'अकराच महिन्यांचं आहे, रजिस्टर कशाला?' हे वाक्य इथे चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने ते खोटं ठरवेपर्यंत. हे शांतपणे सांगितलं की मालक स्वतःच नोंदणी करून देणाऱ्या एजंटला फोन लावतो.

खर्च आधी कागदावर मांडावा. २४ हजार गुणिले ११ म्हणजे २,६४,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, ते ११ महिन्यांचं ६,८७५. बेरीज २,७०,८७५, तिच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट सगळं मिळून एकच आकडा सांगतो. त्यातली त्याची फी किती, हे एवढ्या हिशेबावरून साधारण कळतं.

एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. मालक, आपण आणि दोन साक्षीदार, सगळ्यांचे आधारवर अंगठे आणि वेबकॅमवर फोटो. मालक दुसऱ्या गावात असेल तर त्याचा अंगठा तिकडे वेगळा घेता येतो. अडतं ते दोन ठिकाणी. एक, कुणीतरी आधारचं बायोमेट्रिक लॉक करून विसरलेलं असतं. मशीन नुसतं नाही म्हणतं आणि दोष नेटवर्कला जातो. आदल्या रात्रीच सगळ्यांना विचारून घ्यावं. दोन, वयस्कर मालकांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात. कोमट पाण्याने हात धुऊन, कोरडे करून दुसरं बोट लावलं की बहुतेकदा जमतं. नंतर इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्याची, प्रत आठवणीने मागून घ्यावी.

आता मुख्य कलम. छापील मसुद्यात 'लायसन्सी (म्हणजे भाड्याने राहणारी व्यक्ती, इथे आपण) पोटभाडेकरू ठेवणार नाही' हे असतंच. ते खोडायला मालक तयार होत नाही आणि व्हायची गरजही नाही. त्याखाली एक ओळ घालून घ्यावी: 'मालकाच्या लेखी संमतीने लायसन्सी आपल्यासोबत एक सहनिवासी ठेवू शकेल, सहनिवासीची ओळखपत्रं मालकाला व पोलिसांना दिली जातील.' ही ओळ नसेल, तर पुढे येणारी मुलगी कागदावर पाहुणी ठरते आणि शेजारच्या एका तक्रारीवर दोघींना बॅगा भराव्या लागू शकतात.

सोसायटीला कळवावं लागतं. तिच्या परवानगीवर करार अडत नाही. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, आणि ते मालकाचं देणं आहे. तरी सेक्रेटरींना एकदा भेटून यावं. पार्किंगचं स्टिकर त्यांच्याच हातात असतं.

फ्लॅटमेट शोधताना ऑफिसचा ग्रुप आणि मैत्रिणींच्या मैत्रिणी आधी, फेसबुकवरचे ग्रुप नंतर. जाहिरातीत भाडं, डिपॉझिट, बाथरूम जोडलेलं की सामाईक, घरात नॉनव्हेज शिजतं की नाही, एवढं स्पष्ट लिहिलं की निम्मे फोन आपोआप कमी होतात. खोली न बघताच 'टोकन पाठवते, हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारी व्यक्ती दिसली की लगेच ब्लॉक. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. भेटीत स्वभावाची चौकशी फोल असते. सगळ्याच ॲडजस्ट करणाऱ्या असतात. त्यापेक्षा विचारावं: घरून काम आठवड्यातून किती दिवस, मुक्कामी पाहुणे किती वेळा, मावशींच्या हातचं जेवणार की स्वतः करणार.

भाडं निम्मं-निम्मं करू नये. जोडलेल्या बाथरूमची खोली १३ हजार, दुसरी ११. विजेचं गणित वेगळं. महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत, १०० युनिटच्या पुढे प्रत्येक युनिट महाग. दोघी झाल्यावर युनिटं दुप्पट झाली तर बिल दुपटीहून जास्त येऊ शकतं, आणि 'आधी तर एवढंच यायचं' हा वाद तिथेच सुरू होतो. पंखे, फ्रिज, गिझर समान वाटावेत. एसी एकाच खोलीत असेल तर त्याला सबमीटर बसवून घ्यावा. ती राहायला येते त्या दिवशीच्या मीटर रीडिंगचा फोटो दोघींच्या फोनमध्ये हवा.

करार संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर मालकाचं संमतीपत्र आणि पोलिसांकडे तिची माहिती एवढ्यावर भागतं. नूतनीकरणात दोन्ही नावं घालावीत. जास्त काळ उरला असेल तर जुना रद्द करून दोघींच्या नावे नवा केलेला बरा, मुद्रांक शुल्क पुन्हा पडलं तरी. तिच्या कंपनीला घरभाडे भत्त्यासाठी बहुधा तिच्या नावाचंच ॲग्रीमेंट लागतं. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं तर मालकाचा पॅनही, आणि तो आयत्या वेळी, मार्चमध्ये मागितला की मालकाचा चेहरा बदलतो. दोन नावांच्या करारात जबाबदारी 'एकत्रित' लिहिली असेल, तर एकीने थकवलेलं भाडं मालक दुसरीकडे मागू शकतो, हे तिलाही सही करण्यापूर्वी वाचून दाखवावं.

तिच्या वाट्याचं डिपॉझिट, इथे ३५ हजार, माझ्या खात्यावर येतं, मालकाच्या नाही. म्हणून साध्या कागदावर तारीख, रक्कम, एक महिन्याची नोटीस आणि परत कधी मिळणार ते लिहून दोघींच्या सह्या. 'नवी मुलगी आल्यावर देईन' असं लिहू नये. ती सहा महिने आली नाही तर? नोटीस संपल्यापासून १५ दिवस, असं लिहावं. तेवढे पैसे बाजूला, न मोडता ठेवावे लागतात. रंगकामाच्या नावाखाली मालक शेवटी काही कापणार असेल तर त्यातला तिचा वाटा किती, हेही त्याच कागदावर.