लेकरांना पारशी धर्म सांगताना

आमच्या लातूरकडं पारशी म्हणलं की लोकांना टाटा आठवतात आणि विषय तिथंच संपतो, आजूबाजूला पारशी घरच नाही त्यामुळं लेकरांना या धर्माची ओळख व्हायची तरी कुठून. यूट्यूबवर शोधलं की आधी गिधाडंच दिसतात, कारण पारशांत मृतदेह गिधाडांसाठी ठेवायची रीत, मग तेवढंच डोक्यात बसतं. म्हणून मी बहिणीच्या लेकरांना सांगताना सुरुवात सदऱ्यापासून केली.

पारशी लेकराची नवजोत होते, म्हणजे त्याला धर्मात घ्यायचा विधी, बहुतेक सात ते अकराच्या वयात, तेव्हा अंगात पांढरा मलमलचा सदरा घालतात आणि कमरेला कुस्ती बांधतात, म्हणजे लोकरीच्या ७२ धाग्यांची विणलेली दोरी, तिचे कमरेभोवती तीन वेढे. त्या सदऱ्याला गळ्याखाली एक बारकासा खिसा असतो, गिरेबान म्हणतात त्याला. भाची लगेच म्हणली, मावशी एवढ्याशा खिशात काय मावतंय? म्हणलं, दिवसभरात केलेली चांगली कामं. मग तिनं विचारलं पोरींची पण होते का, तर हो, पोरींची पण होते, तोच सदरा तीच कुस्ती. आपल्याकडं मुंज फक्त भावाची झालेली बघितलेल्या पोरीला हे किती आवडलं म्हणून सांगू!

मग पारशी धर्माची तीन तत्त्वं, हुमत, हुख्त, हुवर्श्त. चांगला विचार, चांगलं बोलणं, चांगली कृती. मला यातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो कारण आपण लेकरांना दिवसभर नीट बोल नीट वाग करतो पण मनात काय चाललंय ते कोण विचारतं? मैत्रिणीला जास्त मार्क पडले, तोंडानं अभिनंदन म्हणलं आणि पोटात दुखतंय, तर त्या दुखण्याबद्दल पण घरात बोलता आलं पाहिजे. आणि या धर्माचा संस्थापक जरथुष्ट्र, त्याच्या गाथांमध्ये तर सरळ सांगितलंय की कानांनी ऐका, स्वच्छ मनानं विचार करा आणि ज्यानं त्यानं आपापलं निवडा. आठ वर्षांच्या लेकराला "तू निवड" म्हणणं म्हणजे त्याच्यावर केवढा विश्वास टाकणं आहे.

भाच्याला हेरोडोटस या जुन्या ग्रीक इतिहासकारानं लिहिलेलं आवडलं, की जुने इराणी लोक, म्हणजे पारशांचे पूर्वज, मुलांना पाच ते वीस वर्षांपर्यंत तीनच गोष्टी शिकवायचे, घोड्यावर बसणं, बाण मारणं आणि खरं बोलणं. नदीत ते थुंकत पण नसत, हे पण त्यानंच लिहिलंय. २०१६ ला रेल्वेनं पाणी आलेल्या गावात पाणी पवित्र का, हे वेगळं समजवावं लागलं नाही. अग्नी, जमीन, पाणी मळवायचं नाही एवढं कळलं की गिधाडांचं पण नीट सांगता येतं, घाबरवायची गरज पडत नाही.

आता उन्हाळ्यात त्यांना गुजरातमधल्या उदवाड्याला न्यायचंय, इराणशाहचा अग्नी, म्हणजे पारशांचा सगळ्यात पवित्र अग्नी, तिथल्या मंदिरात आहे. आत फक्त पारशांना जाता येतं, ते का ते गाडीत बसायच्या आधीच सांगणार आहे, म्हणजे दारापाशी जाऊन हट्ट नको.